धंद्याच्या नंबरवर दिवसभर सेल्स कॉल येतात? छोट्या व्यावसायिकांनी ते कसे आवरायचे, नियम काय सांगतात?

अनोळखी नंबरवरून फोन आला की उचलायचाच नाही, असा सल्ला हल्ली सगळेच देतात. नोकरी करणाऱ्याला तो पाळणं सोपं आहे. पण ज्याचं दुकान, गॅरेज किंवा छोटं वर्कशॉप आहे, त्याचं काय? त्याच्यासाठी अनोळखी नंबर म्हणजेच नवं गिऱ्हाईक.

साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातलं शिरवळ हे याचं चांगलं उदाहरण. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नीरा नदी ओलांडताच शिरवळ येतं. इथून पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो आणि पुढे खंबाटकी घाट लागतो. घाटात ट्रक बंद पडला की त्याचा ड्रायव्हर मोबाईलवर जवळचं गॅरेज शोधतो आणि दिसेल त्या नंबरला फोन लावतो. गॅरेजवाल्याने त्याचं नाव कधी ऐकलेलं नसतं, त्याचा नंबर परराज्यातलाही असू शकतो.

महामार्गालगतच्या हॉटेलांचं, पंक्चरच्या दुकानांचं, क्रेनवाल्यांचं असंच असतं. शिरवळ, केसुर्डी परिसरात औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कारखान्यांना सुटे भाग, फॅब्रिकेशन, पॅकिंगचं साहित्य पुरवणाऱ्या छोट्या युनिटलाही नवी चौकशी अनोळखी नंबरवरूनच येते.

त्यामुळे इथल्या व्यावसायिकाला फोन उचलावाच लागतो. आणि पलीकडून आवाज येतो, "सर, तुमच्या बिझनेससाठी प्री-अप्रूव्ह्ड लोन आहे."

कर्ज, विमा, वेबसाइट, गूगलवर पहिला नंबर, साउंडबॉक्स, बिलिंग सॉफ्टवेअर, ‘रोज पन्नास गिऱ्हाइकं मिळवून देतो’ असं पॅकेज. यादी संपत नाही. यात वेळ जातोच, पण घाईगडबडीत एखाद्या खोट्या कॉलला होकार गेला तर पैसेही जातात. फोन बंद न ठेवता हे कसं आवरायचं, ते समजून घेऊ.

तुमचा नंबर त्यांच्यापर्यंत पोहोचतो कसा?

बऱ्याचदा तो चोरीला गेलेला नसतो. आपणच तो दिलेला असतो.

दुकानाचा बोर्ड, बिलबुक, व्हिजिटिंग कार्ड, गाडीच्या मागची जाहिरात, गूगल मॅपवरची नोंद, फेसबुक पेज, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची पोस्ट, अशा सगळ्या ठिकाणी तो नंबर सर्वांना दिसतो. दिसायलाच हवा, कारण त्यावरच धंदा चालतो.

दुसरा मार्ग म्हणजे व्यवसायांची यादी ठेवणाऱ्या आणि खरेदीदार-विक्रेत्यांची गाठ घालून देणाऱ्या वेबसाइट. अशा ठिकाणी नाव टाकणं बहुतेक वेळा मोफत असतं. मग पैसे भरून वरचं स्थान किंवा जास्त चौकशा घ्याव्यात, यासाठी त्यांच्याच विक्री विभागातून फोन येऊ लागतात. तुम्ही स्वतः एखाद्या मशीनची किंमत विचारलीत, तरी ती एकच चौकशी अनेक विक्रेत्यांकडे जाऊ शकते. विचारलं एकदा आणि फोन दहा, असं होतं ते यामुळे.

तिसरा मार्ग सरकारी नोंदींचा. जीएसटी पोर्टलवर कुणीही जीएसटी क्रमांक टाकून व्यवसायाचं नाव, पत्ता आणि नोंदणीची तारीख पाहू शकतं. त्यात मोबाईल नंबर दिसत नाही. पण नाव आणि पत्ता मिळाला की बोर्डावरचा किंवा गूगलवरचा नंबर त्याला जोडणं अवघड नसतं. ‘नवीन जीएसटी काढलाय ना सर?’ असं विचारणाऱ्याला ही माहिती मिळायला आडकाठी नाही.

कायदा काय सांगतो?

नको असलेल्या व्यापारी कॉल आणि मेसेजसाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायने २००७ मध्ये पहिल्यांदा नियम केले आणि ‘डू नॉट कॉल’ नोंदवही सुरू झाली. २०१० मध्ये नवे नियम आले. सध्या लागू आहेत ते २०१८ चे नियम. त्यात १२ फेब्रुवारी २०२५ रोजी महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

या नियमांचा गाभा सोपा आहे. ज्याला फोन किंवा एसएमएस करून माल विकायचा आहे, त्याने टेलिकॉम कंपनीकडे नोंदणी करायची आणि त्यासाठी राखून ठेवलेल्या नंबरवरूनच फोन करायचा. साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून जाहिरातीचे कॉल करायला परवानगी नाही.

म्हणजे ‘लोन पाहिजे का’ असं विचारणारा फोन साध्या मोबाईल नंबरवरून आला असेल, तर तुम्ही डीएनडी घेतलेलं असो वा नसो, तो नियमभंगच आहे.

असे कॉल किती येतात? ट्रायच्या माहितीनुसार २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरविरोधात ७.९ लाखांहून अधिक तक्रारी आल्या. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने अशांची जोडणी तोडण्याचे आदेश दिले. सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत टेलिकॉम कंपन्यांनी २.७५ लाखांवर जोडण्या तोडल्या आणि ५० हून अधिक संस्थांना काळ्या यादीत टाकलं.

नंबर पाहून कॉल ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

- १४० ने सुरू होणारा नंबर: हा नोंदणीकृत जाहिरातीचा कॉल. गिऱ्हाईक या नंबरवरून कधीच फोन करणार नाही. त्यामुळे तो न उचलल्याने धंद्याचं काही नुकसान नाही.
- १६०० ने सुरू होणारा नंबर: ही मालिका सेवेच्या आणि व्यवहाराच्या कॉलसाठी आहे. बँका, विमा कंपन्या यांचे तुमच्या खात्यासंबंधीचे कॉल यावरून येणं अपेक्षित आहे.
- साधा दहा आकडी नंबर: इथेच खरी अडचण आहे. गिऱ्हाईकही याच नंबरवरून येतं आणि नियम मोडणारा विक्रेताही.

एसएमएसचंही असंच आहे. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर येतं. ‘पी’ असेल तर जाहिरात, ‘एस’ असेल तर सेवेचा मेसेज, ‘टी’ म्हणजे व्यवहाराचा, आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. ‘तुमचं खातं बंद होणार’ असा मेसेज साध्या मोबाईल नंबरवरून आला, तर तो बँकेचा आहे असं समजू नका.

धंद्याच्या नंबरवर डीएनडी घेतलं तर गिऱ्हाइकांचे फोन बंद होतील का?

नाही. ही भीती अनेकांना असते, पण डीएनडी फक्त जाहिरातीच्या कॉल आणि मेसेजला लागू होतं. गिऱ्हाईक, पुरवठादार, ट्रान्सपोर्टवाला यांचे फोन नेहमीसारखे येतात. बँकेचा ओटीपी आणि व्यवहाराचे मेसेजही येतात.

डीएनडी घेण्यासाठी त्याच नंबरवरून १९०९ ला फोन करा. किंवा इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, मग एक मोकळी जागा आणि शून्याचा आकडा असा एसएमएस १९०९ ला पाठवा. ट्रायचं डीएनडी ॲप आणि तुमच्या मोबाईल कंपनीचं ॲप, इथूनही ते होतं.

सगळंच बंद करायचं नसेल तर विषय निवडता येतात. बँकिंग-विमा-कर्ज, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं, दूरसंचार-मनोरंजन-आयटी, पर्यटन, खाद्यपदार्थ असे आठ गट आहेत. हॉटेलवाल्याला खाद्यपदार्थांच्या ऑफर हव्या असतील, तर तेवढा गट उघडा ठेवून बाकीचे बंद करता येतात.

एक मर्यादा मात्र आहे. तुम्ही एखाद्या कंपनीला स्वतः संमती दिली असेल, तर डीएनडी असूनही तिचा कॉल येऊ शकतो. फॉर्म भरताना खाली ‘मला माहिती पाठवावी’ असा चौकोन असतो, त्यावर आधीच खूण असते आणि आपण वाचत नाही. संमती मागे घेता येते. २०२५ च्या दुरुस्तीनुसार, तुम्ही संमती मागे घेतल्यावर ९० दिवस ती कंपनी पुन्हा संमती मागू शकत नाही.

तक्रार केल्याने खरंच काही होतं का?

२०२५ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीचं वजन वाढलं आहे. काय बदललं?

- पूर्वी तीन दिवसांच्या आत तक्रार करावी लागे. आता सात दिवसांची मुदत आहे. दिवसभराच्या कामात विसरलं तरी रविवारी बसून तक्रार करता येते.
- नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरोधात तक्रार करायला डीएनडी घेतलेलं असण्याची अट उरलेली नाही.
- अशा विक्रेत्यावर कारवाईसाठी टेलिकॉम कंपन्यांना पूर्वी ३० दिवस होते, आता ५ दिवस आहेत.
- पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्या की कारवाईची वेळ यायची. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरेशा आहेत.

पहिल्या वेळी दोषी आढळला तर त्याचे आउटगोइंग कॉल १५ दिवस बंद होतात. पुन्हा तेच केलं तर त्याच्या सगळ्या जोडण्या एका वर्षासाठी तोडल्या जातात, आणि हे सर्व मोबाईल कंपन्यांना लागू होतं.

पाच तक्रारी हा आकडा लक्षात घेण्यासारखा आहे. एकाच बाजारपेठेतल्या दुकानांना सलग एकाच नंबरवरून फोन येतात, हे अनेकांनी अनुभवलं असेल. पाच दुकानदारांनी पाच मिनिटं काढून तक्रार केली, तर त्या नंबरवर कारवाईची वेळ येते. व्यापारी संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘या नंबरवरून फोन आला तर उचलू नका’ असं टाकलं जातं. त्यासोबत ‘१९०९ ला तक्रार करा’ हेही टाकलं, तर जास्त उपयोग होईल.

तक्रारीत तीनच गोष्टी लागतात: फोन करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि तो काय विकत होता. १९०९ वर फोन करून, एसएमएस पाठवून किंवा डीएनडी ॲपमधून ती देता येते.

व्हॉट्सॲप आणि ईमेलचं काय?

ट्रायचे हे नियम कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती त्यात येत नाहीत. तिथे ‘ब्लॉक’ आणि ‘रिपोर्ट’ हेच हत्यार आहे. नुसतं ब्लॉक न करता रिपोर्टही करा, म्हणजे तो नंबर व्हॉट्सॲपच्या नजरेत येतो. ईमेलसाठी भारतात स्वतंत्र स्पॅमविरोधी कायदा नाही. ओळखीच्या कंपनीचा मेल असेल तर ‘अनसबस्क्राइब’ करा. अनोळखी असेल तर कुठल्याच लिंकवर बोट न लावता तो स्पॅममध्ये टाका.

कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप यापैकी कशातही फसवणुकीचा वास येत असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर किंवा ॲपवर ‘चक्षू’ ही सुविधा आहे. ती मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. गेल्या ३० दिवसांतल्या संशयास्पद संपर्काची माहिती तिथे देता येते.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मदतीला येईल का? त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण त्यात एक बाब व्यावसायिकांनी जाणून घ्यायला हवी. जी माहिती माणसाने स्वतःहून सार्वजनिक केली आहे, तिला हा कायदा लागू होत नाही. बोर्डावर आणि गूगलवर आपणच टाकलेला नंबर याच प्रकारात मोडतो. म्हणून त्या नंबरचं संरक्षण बऱ्याच अंशी आपल्यालाच करावं लागतं.

एक नंबर जगासाठी, एक पैशांसाठी

सगळ्यात उपयोगी पडणारी व्यवस्था कायद्यात नाही, ती आपल्या गल्ल्यावर करता येते. दोन सिम ठेवा.

पहिला नंबर सार्वजनिक. बोर्ड, बिल, गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप बिझनेस, सगळीकडे हाच. हा नंबर दुकानावरचा मुलगाही उचलू शकतो.

दुसरा नंबर फक्त बँक, यूपीआय, जीएसटी, उद्यम आणि आधारसाठी. तो कुठेही छापायचा नाही आणि कुणाला द्यायचा नाही.

याचा फायदा काय? समजा बोर्डावरच्या नंबरवर फोन आला, "तुमच्या बँकेतून बोलतोय, केवायसी संपलीय." पण बँकेकडे तो नंबरच नाही! मग तो फोन बँकेचा असूच शकत नाही. खरं-खोटं तपासत बसायची गरज राहत नाही.

यात एक काळजी घ्या. यूपीआय आयडीमध्ये मोबाईल नंबरच असेल, तर क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्याला तो दिसू शकतो. म्हणून दुकानाच्या क्यूआरसाठी नंबर नसलेला आयडी घ्या. जुना नंबर बँकेतून बदलायचा असेल, तर सगळीकडे बदल झाल्याची खात्री होईपर्यंत जुनं सिम बंद करू नका.

फोन उचलल्यावर गिऱ्हाईक आणि विक्रेता वेगळे कसे काढायचे?

पहिलाच प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर गिऱ्हाईक चटकन देईल आणि विक्रेता देऊ शकणार नाही.

गॅरेजवाला असाल तर, "गाडी कुठे उभी आहे?" वर्कशॉप असेल तर, "ड्रॉइंग आहे का, नग किती?" हॉटेल असेल तर, "किती माणसं, किती वाजता?" ट्रक ड्रायव्हर लगेच सांगेल की घाट चढताना अमुक वळणावर. विक्रेता मात्र, "सर, दोन मिनिटं बोलू शकतो का?" यावर येईल. तिथेच फोन संपवता येतो.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज ठेवता येतो. त्यातही हाच प्रश्न टाका: ‘नमस्कार. गाडीचा प्रकार, बिघाड आणि ठिकाण पाठवा.’ रात्री-अपरात्री आलेले मेसेज सकाळी पाहताना कामाचे कोणते, हे लगेच कळतं.

रेकॉर्ड केलेला आवाज असेल आणि तो ‘एक दाबा’, ‘नऊ दाबा’ असं सांगत असेल, तर काहीच दाबू नका. बटण दाबलं की या नंबरवर माणूस ऐकतोय, एवढं तरी पलीकडे कळतं.

‘बघू, नंतर सांगतो’ का म्हणू नये?

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं जड जातं. म्हणून आपण ‘बघू’, ‘सध्या जरा गडबड आहे’, ‘घरी विचारून सांगतो’ असं म्हणतो. समोरचा आपल्या ओळखीतला असेल तर त्यातला नकार त्याला कळतो.

कॉल सेंटरमध्ये मात्र प्रत्येक फोननंतर शेरा मारावा लागतो: नको म्हणाले, पुन्हा फोन करा, फोन करू नका म्हणाले. ‘नंतर सांगतो’ म्हटलं की शेरा पडतो ‘पुन्हा फोन करा’. मग पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच मुलीचा फोन येतो आणि आपण वैतागतो. पण तिच्या यादीत तुम्ही रस दाखवलेलं गिऱ्हाईक असता.

त्यापेक्षा एकच वाक्य ठरवून ठेवा: "मला नको आहे. हा नंबर तुमच्या यादीतून काढा." एवढं बोलून फोन ठेवा. शिवीगाळ किंवा वाद घालण्याचा उपयोग नाही. पलीकडे बहुधा पगारावर किंवा कमिशनवर काम करणारी विशीतली मुलंच असतात.

खरंच गरजेची वाटणारी गोष्ट असेल, तर दुसरं वाक्य ठेवा: "फोनवर मी काही ठरवत नाही. कंपनीचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि दर लेखी पाठवा." खरा विक्रेता कोटेशन पाठवतो. ‘ऑफर आजच संपतेय’ म्हणून घाई करणाऱ्याला यातच उत्तर मिळतं. ही दोन वाक्यं फोनजवळ कागदावर लिहून चिकटवा, म्हणजे तुम्ही नसताना दुकानावरचा माणूसही तेच बोलेल.

उरला प्रश्न ओळखीतल्या विक्रेत्याचा. विम्याचा एजंट पाहुण्यांपैकी असतो, पतसंस्थेचा माणूस गावातलाच असतो. तिथे १९०९ चा उपयोग नाही आणि तो करायचाही नसतो. अशा वेळी ‘वर्षातून एकदाच, मार्चनंतर, असे निर्णय घेतो’ असा काहीतरी नियम ठरवून सर्वांना तोच सांगितला, तर एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार दिल्याचा राग राहत नाही.

कोणते कॉल नुसते त्रासाचे नाहीत, तर धोक्याचे आहेत?

‘गूगलवरून बोलतोय, तुमची नोंद बंद होणार आहे.’ गूगल मॅपवर व्यवसायाची नोंद मोफत आहे. नोंद चालू ठेवण्यासाठी किंवा शोधात वर आणण्याची हमी देण्यासाठी गूगल फोन करून पैसे मागत नाही. गूगलवरच्या जाहिरातींना पैसे लागतात, पण तो वेगळा प्रकार. नोंदीच्या पडताळणीचा कोड कुणालाही सांगू नका. तो दिला तर तुमच्या दुकानाची नोंदच दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते.

‘उद्यम सर्टिफिकेट काढून देतो, फी एवढी.’ जुलै २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे आणि ती केंद्र सरकारच्या पोर्टलवर आधार क्रमांकाने स्वतः करता येते. सरकारीसारख्या दिसणाऱ्या वेबसाइट त्यासाठी पैसे घेतात. अडचण आली तर साताऱ्यातल्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

‘मुद्रा लोन मंजूर झालंय, प्रोसेसिंग फी भरा.’ मुद्रा योजनेचं कर्ज बँका आणि वित्तसंस्थांमार्फत मिळतं. योजनेने त्यासाठी एजंट नेमलेले नाहीत. अर्ज केलाच नाही, तर कर्ज मंजूर होईलच कसं?

‘कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटमधून बोलतोय.’ औद्योगिक वसाहतीजवळच्या युनिटसाठी हा कॉल सगळ्यात मोहाचा. मोठी ऑर्डर दाखवायची आणि मग पुरवठादार नोंदणीसाठी अनामत रक्कम मागायची, ही पद्धत आहे. पैसे भरण्याआधी कंपनीच्या गेटवर जाऊन किंवा कंपनीच्या अधिकृत नंबरवर फोन करून खात्री करा. कारखाना पाच-दहा किलोमीटरवर असताना फोनवर विश्वास ठेवायची गरजच नाही.

‘आर्मी कॅम्पसाठी जेवणाची ऑर्डर द्यायचीय.’ इथे विक्रेता नाही, खोटं गिऱ्हाईक असतं. ऑर्डर देऊन झाली की ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं सांगितलं जातं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

पैसे भरून बसलात तर?

फसवणूक झाली असेल तर वेळ घालवू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही त्याच वेळी कळवा.

फसवणूक नाही, पण पॅकेज घेतलं आणि आता नको आहे, अशी वेळ असेल तर आधी ‘ऑटोपे’ तपासा. अनेक पॅकेजचे हप्ते खात्यातून आपोआप कापले जातात. यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅनडेट’ या भागात जाऊन ती परवानगी रद्द करता येते. रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देणं बंधनकारक आहे, त्यामुळे तो मेसेज न वाचता पुसू नका. मात्र करार केलेला असेल, तर हप्ता बंद करण्याबरोबर कंपनीलाही लेखी कळवा.

ठरलेली सेवा मिळालीच नसेल तर ग्राहक न्यायालयात जाता येतं का? व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तू-सेवेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा साधारणपणे लागू होत नाही. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी ती घेतली असेल, तर त्याला अपवाद आहे. म्हणजे स्वतः राबून गॅरेज किंवा टपरी चालवणारा या अपवादात बसू शकतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी चौकशी करा. कोटेशन, पावती आणि व्हॉट्सॲप संभाषण जपून ठेवलेलं असेल तरच बाजू मांडता येते.

आणि तुम्हीच जाहिरात करत असाल तर?

हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. दिवाळीला सेल लावला आणि मुलाला यादी देऊन चारशे लोकांना फोन करायला सांगितले, तर नियमाच्या नजरेत आता तुम्हीही नोंदणी नसलेले टेलिमार्केटर आहात. दहा दिवसांत पाच जणांनी तक्रार केली तरी चौकशी सुरू होऊ शकते. बोर्डावरचा, दहा-पंधरा वर्षं लोकांच्या तोंडात बसलेला नंबर १५ दिवस बंद पडला, तर सेलमधून मिळालं त्याहून जास्त जाईल.

मोठ्या प्रमाणावर जाहिरातीचे एसएमएस पाठवायचे असतील, तर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी प्लॅटफॉर्मवर व्यवसायाची नोंदणी करून पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. छोट्या दुकानाला त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे बिल करतानाच विचारणं: "ऑफर आली तर व्हॉट्सॲपवर कळवू का?" हो म्हणणाऱ्यांचीच यादी करा. ती लहान असेल, पण तिच्यातले लोक दुकानात येतील.

थोडक्यात, आज काय करता येईल?

- धंद्याच्या नंबरवर डीएनडी सुरू करा.
- बँक आणि यूपीआयसाठी वेगळा नंबर घ्या.
- १४० चे कॉल सोडून द्या.
- साध्या मोबाईल नंबरवरून जाहिरातीचा कॉल आला तर सात दिवसांत १९०९ ला तक्रार करा.
- संशयास्पद वाटलं तर चक्षू, पैसे गेले तर १९३०.
- ‘बघू’ऐवजी ‘नको’ म्हणा.

यातल्या कशानेही सेल्स कॉल पूर्ण थांबणार नाहीत, कारण बोर्डावरचा नंबर झाकता येत नाही. पण ते कमी होतील, आणि उरलेले पहिल्या प्रश्नातच ओळखता येतील. मग घाटातून रात्री अकराला आलेला अनोळखी फोन उचलताना कपाळाला आठी पडणार नाही.